पब्लिक अ‍ॅडजस्टर: टक्के नेमके कशावर?

अमेरिकेत घराचा क्लेम टाकला की विमा कंपनी नुकसान मोजायला अ‍ॅडजस्टर पाठवते. तो पगारी असो की कामापुरता नेमलेला ‘इंडिपेंडंट’, पैसे त्याला कंपनीच देते. (नावातल्या ‘इंडिपेंडंट’वर जाऊ नका.) तुमच्या बाजूने नुकसान मोजून कंपनीशी बोलणी करतो तो पब्लिक अ‍ॅडजस्टर, आणि त्याची फी तुमच्याच क्लेममधून वजा होते.

ही फी कशावर मोजायची, खरी मेख तिथे आहे. समजा, कंपनी आधीच ४०,००० डॉलर द्यायला तयार होती आणि त्याने ते ७०,००० वर नेले. दहा टक्के पूर्ण रकमेवर धरले तर ७,००० जातात, फक्त वाढीव रकमेवर धरले तर ३,०००. म्हणून कंपनीचं एस्टिमेट (दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज) हातात येईपर्यंत सही करू नका आणि ‘आधी देऊ केलेली रक्कम वगळून’ हे करारात लिहून घ्या. टेक्सासमध्ये फीची कमाल मर्यादा १० टक्के आहे. फ्लोरिडात ती एरवी २० टक्के, पण वादळासारखी आणीबाणी जाहीर झाल्यावर त्या घटनेच्या क्लेमला पहिलं वर्षभर १०.

एस्टिमेट मात्र आधी स्वतः ओळ न् ओळ वाचा. भिंतीआडचं भिजलेलं इन्सुलेशन धरलंय का? रंग अख्ख्या भिंतीचा की डागापुरता? रिप्लेसमेंट कॉस्टची, म्हणजे जुन्याच्या जागी नवं बसवायचा खर्च देणारी पॉलिसी असेल तर पहिल्या चेकमधून घसारा कापलेला असतो. दुरुस्ती मुदतीत करून बिलं दिली की तो परत मिळतो. कंपनीने कमी पैसे दिले असं समजून लोक नेमक्या याच रकमेवर टक्के देऊन बसतात.

लायसन्स राज्याच्या विमा खात्याच्या वेबसाइटवर तपासा. वादळानंतर दार ठोठावणारा रूफर (छताचं काम करणारा कॉन्ट्रॅक्टर) ‘क्लेमचंही मीच बघतो’ म्हणाला तर सावध व्हा. टेक्सासमध्ये ज्या छताचं काम करायचं त्याच्याच क्लेमची बोलणी कॉन्ट्रॅक्टरला करता येत नाहीत.

अ‍ॅडजस्टर नेमला म्हणून मुदती थांबत नाहीत. कंपनीने प्रूफ ऑफ लॉस (नुकसानीचं सही केलेलं निवेदन) मागितलं की बहुतेक पॉलिसींत ६० दिवस मिळतात. छतावर ताडपत्री टाकणं, पाणी उपसणं हेही तुमच्याकडेच. फक्त आधी फोटो काढा आणि उखडलेल्या कार्पेटचा तुकडा जपून ठेवा. चेकवर बहुधा तुमच्यासोबत पब्लिक अ‍ॅडजस्टरचं आणि मॉर्गेज कंपनीचंही नाव येतं, त्यामुळे पैसे हाती पडायला उशीर होतो. आणि कंपनीने कव्हरेजच नाकारलं असेल, तर अ‍ॅडजस्टरऐवजी वकील गाठा.