आमची वाटचाल: जुनी रिंग आणलीय का?

भोसरी एमआयडीसीत एका हायड्रॉलिक प्रेसवर आम्ही सुरुवात केली, तेव्हा ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी रबराची गोल कडी, हा निव्वळ मापावर खपणारा माल होता. आतला व्यास आणि कॉर्डची, म्हणजे रबराच्या दोरीची, जाडी सांगा, नायट्राइल रबराची रिंग घेऊन जा. ती कुठे बसणार, याची चर्चाच नसायची.

ती सुरू झाली जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका गिऱ्हाइकामुळे. इंजिन तापलं की ऑइल प्रेशर पडायचं. पंप बदलून झाला, बेअरिंगंही बदलली. बाहेर तर थेंबभर गळती नाही. शेवटी दोष निघाला सक्शन पाइपच्या, म्हणजे पंपाकडे ऑइल ओढून आणणाऱ्या नळीच्या, रिंगमध्ये. पंपाच्या पुढच्या वाहिनीत ऑइलचा दाबच रिंगला फटीवर रेटतो, त्यामुळे थोडी थकलेली रिंगही निभावून नेते. सक्शनला ही मदत नाही. तिथे सगळी भिस्त ग्रूव्हमध्ये (खाचेत) दाबल्या गेलेल्या रबराच्या ताणावर. तो ओसरला आणि सांधा ऑइलच्या पातळीच्या वर असला, की हवा आत ओढली जाते, ऑइल फेसाळतं आणि गेजचा काटा खाली येतो.

ताण असा ओसरला की दाबलेलं रबर मूळ जाडीला परत येत नाही; याला आमच्या धंद्यात कॉम्प्रेशन सेट म्हणतात. ३.५ मिमी कॉर्ड २.८ पर्यंत दाबली आणि काढल्यावर ३.१५ वरच अडली, तर सेट ५० टक्के. नायट्राइल १०० अंशांपर्यंत छान. त्यावर सतत राहिलं की कडक होत जातं. म्हणून आम्ही एफकेएम या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराकडे वळलो. ते २०० अंशांच्या आसपास टिकतं, पण महाग, आणि मोल्डिंगनंतर ओव्हनमध्ये तासन् तास पोस्ट-क्युअर करावं, म्हणजे पुन्हा तापवून पक्कं करावं लागतं. तो ओव्हन हे आमचं सगळ्यात मोठं धाडस. पहिल्या वीजबिलावर घरात बोलणी खाल्ली.

आता काउंटरवर पहिला प्रश्न जुन्या रिंगचा. चपटी आणि कडक असेल तर उष्णता. फुगून मऊ झाली असेल तर मटेरियल चुकलंय. ईपीडीएम हे रबर पाण्याला चालतं, इंजिन ऑइलमध्ये फुगतं, आणि दिसायला ते आणि नायट्राइल दोन्ही काळीच. कडेचा तुकडा उडालेला असेल तर फिटरने ती धारदार कडेवरून कोरडीच ढकललीय.

फिटरांची एक सवय मात्र मोडता आलेली नाही: रिंग बसवली तरी वरून सिलिकॉनची ट्यूब पिळायची. आत गेलेला जादा भाग सुटून स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो, ऑइल वर चढत नाही आणि तक्रार येते आमच्या रिंगची. म्हणून इंजिन सेटच्या पिशवीत आम्ही ‘फक्त इंजिन ऑइल लावून बसवा’ अशी चिठ्ठी घालतो, मराठीत आणि हिंदीत.