यवतमाळ ते लंडन: विमान दहा तास, प्रवास तेवीस तास

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर आठ तास व्हायला हवेत, पण लागतात साडेनऊ ते साडेदहा. वर पश्चिमेकडून वारा वाहतो, तो जाताना तोंडावर येतो. परतताना तोच पाठीशी असतो म्हणून नऊच्या आसपास भागतं. पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, असं गावात हमखास कोणीतरी सांगतं. तसं काही नाही, हवाही पृथ्वीसोबतच फिरते.

पृथ्वीच्या गोळ्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला तर तो कराची, इराण, जॉर्जिया, युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे. पाकिस्तानचं एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना बंद झालं. म्हणजे वळसा आलाच.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 6 ला पोचलात, तर ते पाच तास नव्हेत. आपलं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे, म्हणून त्यात साडेपाच मिळवा: साडेदहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ तासभर पुढे नेलेलं असतं, तेव्हा साडेचारच मिळवायचे.

आता आपल्याकडचा भाग. खरा वेळ इथंच जातो. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, एसटीने साडेतीन-चार तास. बस कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत वर्धा रोडनेच येते आणि विमानतळ याच रस्त्यालगत, शहराच्या अलीकडे आहे. तरी लोक गणेशपेठ स्टँडपर्यंत जातात अन् बॅगा घेऊन उलटे येतात. काहून? कंडक्टरला आधीच सांगून एअरपोर्ट मेट्रो स्टेशनजवळ उतरा, पुढे ऑटो.

नागपूर-मुंबई हवाई अंतर जेमतेम 680 किलोमीटर, दीड तास. मात्र डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की नागपूरचं विमानही रखडतं, कारण बरेचदा तेच विमान दिल्लीहून आलेलं असतं. मुंबईत मध्ये चार तास तरी ठेवा.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगळी घेतली तर मुंबईत बॅग उतरवून पुन्हा द्यावी लागते, आणि पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं तर पैसे आपलेच बुडतात. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला पट्टी लावतात, ती वाचूनच हलायचं. मोठी तीन अक्षरं एलएचआर असतील तर बॅग थेट लंडनच्या हीथ्रो विमानतळाला. बीओएम दिसलं तर ती मुंबईतच उतरणार.

लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, तेल सुटलेलं असतं, तपासणीत काढून ठेवतात. पॉवर बँक मात्र हातातच.

बेरीज अशी: एसटी साडेतीन, विमानतळावर दोन, हवेत दीड, मुंबईत चार, पुन्हा हवेत दहा, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि शहर गाठायला दोन. तेवीस तास. वर्धा बायपासला ट्रॅक्टरमागे अडकलात तर चोवीस.