सातव्या दिवसाची वजने

सातव्या दिवशी सकाळी वजने घेण्यासाठी पहिला पिंजरा उघडला आणि हातातल्या नोंदवहीतला गटक्रमांक मी पुन्हा तपासला, कारण आतले उंदीर निरोगी उंदरांसारखे हिंडत होते, तर शेजारच्या, केवळ सलाइन दिलेल्या गटातले उंदीर केस पिंजारून, पाठ वाकवून कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसले होते. दोन्ही गटांना एकाच कुपीतून, १९३४ मध्ये प्वेर्तो रिकोत मिळालेल्या पीआर८ या इन्फ्लूएंझा विषाणूची सारखीच मात्रा नाकावाटे दिली होती. फरक एवढाच, की पहिल्या गटाच्या नाकात संसर्गाच्या २४ तास आधी पॉली आयसीचे थेंब सोडले होते.

पॉली आयसी हा दुहेरी धाग्याचा कृत्रिम आरएनए आहे. त्यात विषाणू नसतो, पण टीएलआर३सारखे रिसेप्टर, म्हणजे पेशीतले धोका ओळखणारे रेणू, त्याला विषाणूची खूण समजतात आणि पेशी इंटरफेरॉन सोडू लागतात, ज्यामुळे आसपासच्या पेशी विषाणू येण्याआधीच सावध होतात. आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांना १९५७ मध्ये इंटरफेरॉन सापडले तेही इन्फ्लूएंझावर काम करतानाच. फ्लूचा विषाणू आपले बाह्यरूप सतत बदलत असतो, लस मात्र ठरावीक रूपांसाठीच बनवावी लागते. म्हणून रूप न ओळखताही लढणाऱ्या या उपजत प्रतिकारशक्तीची मला इतकी ओढ आहे. आमच्या जातीच्या उंदरांत इन्फ्लूएंझाला रोखणारे एमएक्स१ जनुक निकामी असते, त्यामुळे मी एवढ्या परिणामाची अपेक्षाच केली नव्हती.

मग तिसरा पिंजरा उघडला. या गटाला तेच औषध, त्याच मात्रेत, पण संसर्गानंतर तिसऱ्या दिवशी दिले होते, आणि माझी खरी आशा याच गटावर होती, कारण माणूस दवाखान्यात येतो तो ताप भरल्यावर. त्यांची वजने सलाइनच्या गटापेक्षाही खाली गेली होती. त्यांतल्या दोन उंदरांनी २५ टक्के वजनघटीची, म्हणजे ज्यापुढे प्राण्याला जगवत ठेवायचे नसते ती मर्यादा ओलांडली होती. त्यांना वेदनामुक्त मरण देण्याचे काम मी स्वतः केले, आणि ते मला जड गेले. त्यांची फुप्फुसे गडद लाल व घट्ट झाली होती, मात्र नंतरच्या मोजणीत विषाणूंची संख्या सलाइनच्या गटाइतकीच भरली. आधीच पेटलेल्या दाहात आम्ही भर घातली असावी, असे मला वाटते.

त्या संध्याकाळी पुढच्या प्रयोगाचा तक्ता आखताना मी मात्रेचे रकाने कमी करून वेळेचे वाढवले: संसर्गाआधी ७२, ४८, २४ आणि ६ तास, आणि संसर्गानंतरचा प्रत्येक दिवस.