प्रशिक्षणाचे मोजमाप : एलएमएसचा डॅशबोर्ड आणि लाइनवरचे काम

कर्मचारी प्रशिक्षणाच्या आढावा बैठकीत पडद्यावर एलएमएसचा, म्हणजे ऑनलाइन धडे चालवून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डॅशबोर्ड असतो. त्यावर सर्वांत आधी येते ती अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी, आणि ती शंभराच्या आसपास असली की पुढचे कोणी विचारत नाही. चाकण परिसरातील एका कारखान्यात प्रशिक्षण विभागाचे काम पाहताना माझे असे मत झाले आहे की, या आकड्यावरून लोक काय शिकले यापेक्षा सुपरवायझरने त्यांच्यामागे किती तगादा लावला, हेच अधिक कळते.

याचे एक कारण तांत्रिक आहे. ऑनलाइन धडा आणि एलएमएस यांच्यातील देवाणघेवाण अनेक ठिकाणी अजूनही ‘स्कॉर्म’ या मानकाच्या २००१ सालच्या १.२ आवृत्तीवर चालते. तिच्यातून आपल्या हाती येते ते प्रामुख्याने धड्याची स्थिती, मिळालेले गुण आणि धडा किती वेळ उघडा होता एवढेच. त्या वेळात माणूस पडद्यासमोर बसला होता की चहाला गेला होता, हे नोंदीवरून समजत नाही. २०१३ मध्ये आलेल्या ‘एक्स-एपीआय’ या नव्या मानकामुळे सिम्युलेटरवरील सराव किंवा प्रत्यक्ष कामही नोंदवता येते, पण त्यासाठी काय नोंदवायचे हे आधी कोणीतरी ठरवावे लागते.

तरीही या तुटपुंज्या नोंदी डॅशबोर्डवर न पाहता मुळातून वाचल्या, तर बरेच काही सापडते. बोल्ट आवळण्याच्या धड्यावरील चाचणीत एका प्रश्नाचे एकच चुकीचे उत्तर जवळजवळ संपूर्ण शिफ्टने दिलेले आढळले, तेव्हा पहिला संशय अर्थातच नक्कल केल्याचा होता. असेंब्ली लाइनवर जाऊन विचारल्यावर उलगडा झाला : मॉडेल बदलल्यावर टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा याचा, आकडा बदलला होता, कामगार नवा आकडा लिहीत होते आणि धड्यात मात्र जुनाच राहिला होता. टक्केवारीत हे सारे कामगार ‘अनुत्तीर्ण’ म्हणून मोजले गेले होते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेले प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे प्रतिक्रिया, आकलन, वर्तन आणि परिणाम हे चार स्तर आमच्या क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ आहेत. मात्र बहुतेकांची गाडी दुसऱ्या स्तरापुढे सरकत नाही. प्रतिक्रियेच्या फॉर्मवर प्रशिक्षकाचा स्वभाव आणि त्या दिवसाचे जेवण यांची छाप असते. धडा संपताच घेतलेली चाचणीही फारशी भरवशाची नसते, कारण शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे महिन्याभराने वेगळ्या प्रश्नांची छोटी चाचणी घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

वर्तन आणि परिणाम मोजायला नवे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. इलेक्ट्रिक टूलचा कंट्रोलर प्रत्येक बोल्टचा टॉर्क नोंदवतो, रिवर्कचे (सदोष काम पुन्हा करावे लागल्याचे) रजिस्टर शिफ्टनिहाय भरले जाते. प्रशिक्षणाच्या तारखा त्यांच्याशी जुळवणे एवढेच काम उरते. मात्र इथे एक मोठा सापळा आहे. ज्या शिफ्टचे रिवर्क एखाद्या महिन्यात फार वाढते तिलाच आपण प्रशिक्षणाला बसवतो, आणि तसा वाईट महिना सरल्यावर आकडा पुष्कळदा आपोआपच खाली येतो; श्रेय मात्र प्रशिक्षणाच्या पदरात पडते. यावर उपाय म्हणजे एका शिफ्टला या महिन्यात आणि दुसरीला पुढच्या महिन्यात शिकवणे व मधल्या काळात दोन्हींची तुलना करणे. सुट्या भागांचा लॉट खराब निघाला तर त्याचा फटका साधारणपणे दोन्ही शिफ्टना बसतो, त्यामुळे दोहोंतील फरकावर काहीसा विश्वास ठेवता येतो. अर्थात प्रशिक्षणातून कोणता आकडा किती बदलायला हवा, हे सुरुवातीलाच लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर नंतर सोयीचा आकडा शोधला जातो.

व्यक्तिनिहाय माहिती वेतनवाढीशी जोडण्याच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. तसे झाले की आकडे सुधारतात, पण चुका लपवल्या जातात. म्हणून व्यवस्थापनाला शिफ्टचा एकत्रित आकडा द्यावा आणि प्रत्येकाची नोंद तो कामगार व त्याचा सुपरवायझर यांच्यापुरतीच ठेवावी. कंत्राटी कामगारांचा प्रश्न मात्र या सगळ्यात सुटत नाही : वर्षाच्या आतच त्यातले बरेच जण बदलतात, त्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी ठेकेदाराकडे असतात, आणि आमच्या तुलनेतून नेमके तेच गळतात.