आमची वाटचाल : बाटलीपासून पापणीपर्यंत

सुरुवातीची चार वर्षं आमचा धंदा म्हणजे जंतनाशकाच्या बाटल्या. वाटचाल लिहायची तर तिथूनच लिहायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. त्याआधी मी जनावरांच्या औषधांचा विक्रेता म्हणून गोठोगोठी फिरायचो. नोकरी सोडून स्वतःची छोटी फर्म काढली तेव्हा गाठीला ओळखी होत्या, एक जुनी दुचाकी होती आणि शेळी-मेंढीवाल्यांकडे काय खपतं हे तोंडपाठ होतं. बाटलीबरोबर मोफत मार्गदर्शन, अशी पाटीही रंगवून घेतली होती. मार्गदर्शन एका वाक्यात संपायचं : दर महिन्याला सगळ्या कळपाला पाजा, मोठी बाटली घ्या, परवडते.

लोक पाजत होते, माझा हिशेब जुळत होता.

मग साठेक शेळ्यांचा एक मालक आला. चांगला राबणारा, गोठा आरशासारखा ठेवणारा. म्हणाला, "साहेब, तुमचं औषध पाणी झालंय." मी नेहमीची उत्तरं दिली. उन्हात ठेवलं असेल, मात्रा कमी पडली असेल, पाजताना शेळीनं थुंकून टाकलं असेल. दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. आतला घटक तोच होता, फक्त लेबल वेगळं. हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. पंधरा दिवसांत त्याच्या तीन शेळ्या गेल्या. तिघींच्याही जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज होती.

शवविच्छेदनाला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा चौथा कप्पा उघडून दाखवला. आत दोन-तीन सेंटिमीटरचे केसासारखे जंत वळवळत होते, लाल-पांढरा पीळ दिलेले. हीमोंकस कॉन्टॉर्टस. हा जंत रक्तावर जगतो. एकेक जंत दिवसाला जेमतेम थेंबभर रक्त घेतो, पण असे हजारो असले की शेळी उभ्या उभ्या पांढरी पडते. बऱ्याचदा हगवणही लागत नाही, म्हणून मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. हवा उबदार आणि जमीन ओली असली की आठवडाभरात त्यातल्या अळ्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. बाईंनी हात धुतले आणि मला विचारलं, "ह्यांच्या लेंड्या कधी तपासल्या होत्या?"

चार वर्षांत एकदाही नाही. आज त्या आमच्या फर्ममध्ये भागीदार आहेत. भागीदारीची सुरुवात त्या प्रश्नानं झाली असं मी मानतो. त्यांच्या मते ती मी जुना सूक्ष्मदर्शक विकत आणून त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा झाली.

लेंडी तपासणीचं काम वाटतं तितकं अवघड नाही. मोजून घेतलेल्या लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, चौकटी आखलेल्या काचेच्या कप्प्यात ते पाणी भरायचं. अंडी वर तरंगतात, ती मोजायची. औषध पाजायच्या दिवशी एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा मोजलं, की औषध चालतंय की नाही ते कळतं. चांगल्या औषधानं अंडी पंचाण्णव टक्क्यांहून जास्त उतरली पाहिजेत. त्या साठ शेळ्यांच्या गोठ्यात ती निम्म्यानंही उतरली नाहीत. मग मी ज्यांना ज्यांना माल घातला होता त्यांच्याकडे जाऊन लेंड्या गोळा केल्या. दहापैकी सात ठिकाणी तीच कथा.

औषधात भेसळ नव्हती. दर महिन्याला सगळ्यांना पाजून आम्ही दुबळे जंत मारत होतो आणि त्या औषधाला न जुमानणारे तेवढे पोसत होतो. हे नवंही नव्हतं. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१ साली आलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच त्याला दाद न देणारे जंत सापडले होते. आयव्हरमेक्टिन १९८१ च्या सुमारास जनावरांसाठी आलं, त्याच्या शोधाबद्दल २०१५ मध्ये नोबेलही मिळालं, आणि मेंढ्यांमधले जंत त्यालाही पचवून बसले. त्यात आमच्याकडे मात्रा ठरायची नजरेनं. पस्तीस किलोची शेळी पंचवीसची समजून पाजली की जंत मरत नाही, शहाणा होतो. शिवाय शेळीचं शरीर अशी जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं, म्हणून मेंढीची मात्रा शेळीला बहुतेकदा अपुरी पडते. नेमकी किती, ते डॉक्टरांनीच सांगायचं. मी दोघींना एकच झाकण मापून देत होतो.

विक्री बंद करायचा निर्णय मी फार धीरोदात्तपणे घेतला असं नाही. सहा महिने टाळला. उरलेला माल संपू दे म्हणालो, मग नवा माल मागवलाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी अट घातली : एकाच हातानं तपासणी आणि विक्री होणार नाही, कारण मग तपासणीचा निकालही बाटलीच्या बाजूनं लागायला लागतो. कपाट रिकामं केलं. वर्षभरात निम्मे गिऱ्हाईक तुटले. "औषध नाही, मग तुम्ही कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलं की मलाही तो प्रश्न रास्त वाटू लागला. घरी बायको म्हणाली, "विकायचं काही नाही आणि शिकवायचं, म्हणजे शाळाच काढली की तुम्ही."

शाळाच काढली, आणि तीही आधी चुकीची. तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, पडद्यावर चित्रं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. गर्दी झाली. पण आलेल्यांपैकी बहुतेकांकडे एकही जनावर नव्हतं. दहा शेळ्यांच्या दोन वर्षांत शंभर होतात हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. 'चालतंफिरतं एटीएम' हा शब्द ऐकला की मला अजून कपाळाला हात लावावासा वाटतो. एटीएमला आंत्रविषार, म्हणजे तगडं पिल्लू रातोरात मारणारा आतड्याचा आजार, होत नाही. प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांनी आधी लोखंडी सांगाड्याचे गोठे उभे केले, मग चारा आठवला. आणि ज्यांच्याकडे खरोखर कळप होते ते आलेच नाहीत. येणार कसे? तीन दिवस मेंढ्या कुणी वळायच्या?

तेव्हापासून आम्ही कळपाकडे जातो. सकाळी जनावरं सुटायच्या आधीचा तासभर, एका भेटीत एकच गोष्ट. आणखी एक उशिरा कळलेलं : आम्ही पुरुषांशी बोलत होतो, पण विणं, करडांना पाजणं, आजाऱ्याला बाजूला बांधणं हे बाया करत होत्या. आता घरातली बाई हजर असेल तरच भेट ठरते.

पहिली भेट पापणीची. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात पशुवैद्य फाफा मालान यांच्या कल्पनेतून एक रंगपट्टी तयार झाली. त्यांच्याच नावावरून तिला फामाचा म्हणतात. लाल ते पांढरा असे पाच रंग, एक ते पाच आकडे. वरच्या पापणीवरून डोळा अंगठ्यानं हलका दाबायचा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायची, आतलं अस्तर उमलून वर येतं. ते पट्टीशी ताडायचं, दिवसाच्या उघड्या उजेडात. गोठ्याच्या अंधारात किंवा मोबाईलच्या प्रकाशात रंग फसवतो. चार-पाच आकड्याला औषध, एक-दोनला नाही, आणि तीनला शेळी, गाभण किंवा लहान पिल्लू असेल तर द्यावं. ही पट्टी फक्त रक्तपिप्या जंतासाठी आहे. गोचिडांनी किंवा दुसऱ्या आजारानंही पापणी पांढरी पडते, म्हणून लेंडी तपासणी सोडायची नाही.

कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. तेवढ्यांना पाजलं तर खर्च वाचतो, आणि न पाजलेल्यांच्या पोटात औषधाला अजून मरणारे जंत शिल्लक राहतात. पहिल्यांदा हे सांगितलं की समोरचा चक्रावतो. जंत मुद्दाम शिल्लक ठेवायचे? हो, तेच औषधाला न जुमानणाऱ्यांच्या संगतीत मिसळून औषधाची धार टिकवतात. हे पटवायला कधीकधी दोन हंगाम जातात. एका काकांना अजूनही पटलेलं नाही. ते पट्टी वापरतात, पण आमच्यावर उपकार म्हणून.

एक चूक लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती निखळ आमची होती. एका मेंढपाळाच्या कळपाला वाढ कमी होती. आम्ही क्षारमिश्रण सुचवलं. त्याच्याकडे गाईंसाठी आणलेलं पोतं होतं, त्यानं फोनवर विचारलं, "चालेल ना?" आमच्याकडच्या मुलानं सांगितलं, चालेल. काही महिने सगळं ठीक होतं. मग लांबची चाल झाल्यावर दोन दिवसांत मेंढ्या कोसळायला लागल्या, डोळे पिवळे, लघवी काळपट तांबडी. तांबं. गाईला सोसतं तेवढं तांबं मेंढीला सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि ताण पडला की एकदम रक्तात उतरून रक्तपेशी फोडतं. पाच मेंढ्या गेल्या. आम्ही भरपाई दिली, त्या माणसानं ती घेतली, आणि पुढे वर्षभर आमच्याशी बोलला नाही. त्यानंतर फोनवर 'चालेल' म्हणायला आमच्याकडे मनाई आहे. पोत्यावरची चिठ्ठी वाचून दाखवा किंवा तिचा फोटो पाठवा, मग उत्तर. शेळी तांबं त्यामानानं जास्त सोसते, त्यामुळे दोन्ही जनावरं एकत्र पाळणाऱ्यांना तर हे दोनदा सांगावं लागतं.

बाकीच्या भेटींबद्दल थोडक्यात. चिकाची भेट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त पिल्लं वाचवणारी. शेळी-मेंढीच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं पिल्लाकडे जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि दिवसभरानंतर आतडं ती घेत नाही. म्हणून तासा-दोन तासांत पहिला चीक, आणि चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. तीन किलोच्या करडाला सुमारे ३०० मिली. जार पडेपर्यंत चीक काढायचा नाही ही समजूत आम्हाला जागोजाग भेटते. त्यावर वाद घालत नाही, तोवर पिल्लू थंड पडलेलं असतं. आधी पाजतो, मग बोलतो.

आंत्रविषाराची भेट उलट अवघड, कारण तो सगळ्यात तगडं पिल्लू उचलतो. लाडाचं, भरपूर दूध पिणारं, धान्याचा खुराक अचानक वाढवलेलं. रात्री उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं आणि दोष नजर लागण्याला जातो. आतड्यातले जंतू एकदम मिळालेल्या पिठूळ खाण्यावर माजतात आणि त्यांचं विष भिनतं. लशीच्या दोन मात्रा काही आठवड्यांच्या अंतरानं, नंतर दरवर्षी एक, आणि खुराक हळूहळू वाढवणं. दुसरी मात्रा चुकवणारे इतके, की आम्ही पहिल्या मात्रेच्या दिवशीच दुसरीची तारीख गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून येतो. पीपीआरचं, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांमधल्या साथीच्या विषाणूजन्य रोगाचं, वेगळं. त्याची लस एकदा नीट दिली की तीन वर्षं तरी पुरते. गाईगुरांमधला त्याचाच भाऊबंद रोग, बुळकांडी, जगातून २०११ मध्ये हद्दपार झाला, पीपीआर हद्दपार करायला २०३० चं उद्दिष्ट ठेवलंय. पण लस बर्फातून बाहेर राहिली तर टोचलेली सुई आणि न टोचलेली सुई सारखीच. डॉक्टरीणबाई लस टोचण्याआधी डब्यातला बर्फ हातानं चाचपतात. वितळलेला असेल तर आल्या पावली परत, मग समोर दोनशे मेंढ्या उभ्या असोत.

शिकवताना आम्हीही शिकलो, पण ते पुस्तकी नव्हे. एक म्हातारे मेंढपाळ तपासणीच्या आधीच बोट दाखवून सांगायचे, ही आणि ही. पापणी बघावी तर दोन्ही पांढऱ्या. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाले, "रोज पुढून दुसरी चालणारी आता शेवटून चौथी आहे." आमच्या नोंदवहीतला पहिला रकाना आता 'मागे राहणारी' हा आहे.

पोट कशावर चालतं, असं लोक विचारतात. कळपामागे वर्षाची ठरावीक फी, लेंडी तपासणीची वेगळी, आणि गटांनी बोलावलं तर प्रशिक्षणाची. औषध लिहून द्यायचं काम डॉक्टरांचं, विकायचं दुकानाचं, आणि कुठल्याही कंपनीकडून दलाली नाही. चारजण आहोत, दुचाकी बदलली आहे, फार मोठं काही झालेलं नाही. ज्या महिन्यात पाऊस लांबतो त्या महिन्यात तपासण्या कमी आणि आमची तंगी जास्त.

वही लिहायला सगळ्यांना जमत नाही, म्हणून औषध दिलं की त्या जनावराच्या गळ्यात रंगीत दोऱ्याची एक गाठ मारायची पद्धत काढली. हंगामाच्या शेवटी तीन-चार गाठींची जनावरं वेगळी काढायची. त्यांची पाट, म्हणजे मादी पिल्लू, पुढच्या पैदाशीला ठेवायची नाही. त्या साठ शेळ्यांच्या मालकाकडे आता नव्वदीच्या आसपास आहेत, आणि निम्म्याहून जास्त गळ्यांत दोराच नाही. मागच्या खेपेला मी छपराखाली उभा राहून एकीची पापणी ओढली आणि "तीन" म्हणालो. त्यानं शेळी माझ्या हातातून सोडवून घेतली आणि अंगणात नेली.

"साहेब, उजेडात या. दोनच आहे."