रिकामी गवसणी

भाच्यानं मोबाईलवर एक अल्बम लावून दिला. पोर्टर रॉबिन्सन या अमेरिकन पोराचा 'नर्चर'. ''ऐका मामा, यालापण तुमच्यासारखं काही सुचत नव्हतं.'' टोमणा समजला. तरी इयरफोन कानात घातले.

पहिला अल्बम 'वर्ल्ड्स' 2014 चा, तेव्हा हा 22 वर्षांचा. वाहवा झाली आणि तिथंच गाडी अडली. नैराश्य, केलेलं काही मनासारखं न होणं. स्वतःच्या नावानं दुसरा अल्बम यायला 2021 उजाडलं. मुखपृष्ठावर साहेब फुलांच्या गवतात पालथे पडलेत. ''झोपलाय का हा?'' बायकोनं विचारलं. मला ती पोझ ओळखीची वाटली. रविवारच्या लेखासाठी मी तसाच पडतो, फक्त गादीवर.

बऱ्याच गाण्यांत त्यानं स्वतःचाच आवाज यंत्रानं चढवून बाईसारखा केलाय. पहिल्यांदा वैतागलो. ही कसली गायकी! मग एका सकाळी बायकोचा तंबोरा गवसणीत, म्हणजे त्याच्या खोळीत घालून जवारीला, झंकार जुळवून घ्यायला, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो, आणि जरा ओशाळलो. तंबोऱ्याचा तो भरलेला झंकार तरी तारेचा एकटीचा कुठं असतो?

तिथल्या कारागीर चाचांनी तारांखालच्या घोडीवर कानस फिरवली. दोनदा, अगदी हलकी. फुंकर मारून भुकटी उडवली. तार लावली, खाली सुताचा धागा सरकवला, छेडली. मिटलेला आवाज. धागा केसभर पुढं. आता नुसतीच कर्कश. पुन्हा मागं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नजरेला न जाणवणारा उतार असतो. तार त्यावर जेमतेम टेकली की जवारी खुलते. जास्त टेकली की घुसमटते. चाचा डोळे मिटून तासभर तेच करत होते. तार काढ, कानस, फुंकर, तार लाव. मी दोन चहा संपवले. एकदा मला वाटलं, सापडलं! तोंडातून 'वा'सुद्धा गेलं. चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही, तार सैल केली.

इयरफोन गळ्यात लोंबत होते. त्यातून 'म्युझिशियन' बारीक चिरकत होतं. संगीत करण्याच्या आनंदाचं ते गाणं, त्या अल्बममधलं सगळ्यांत उड्या मारणारं. इतकी वर्षं अडून बसलेल्या माणसानं हे केलं, यावर माझा अजून नीटसा विश्वास बसलेला नाही.

''आज नाही होत,'' चाचा म्हणाले. ''कान दमला. उद्या या.''

तंबोरा भिंतीशी उभा केला. मी रिकामी गवसणी काखेत मारून सांगलीची रिक्षा धरली.