कॉन्ट्रा, भाग ५: सूर जागेवर, लय वेगळी

कॉन्ट्रा या धावत-गोळ्या झाडत खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमबद्दल मागच्या भागात लिहिलेलं एक वाक्य आज मागे घेतोय. ‘कॉन्ट्रा अवघड नाही, न्यायी आहे, डोळे उघडे ठेवले तर प्रत्येक गोळी चुकवता येते,’ असं मी लिहिलं होतं. त्यावर नागपूर-कोल्हापूरकडच्या मंडळींनी लगेच माना डोलावल्या. न्यू जर्सीत लहानाचा मोठा झालेला एक मित्र मात्र अडून बसला. त्याचं म्हणणं एकच: ‘तू खेळलास तो कॉन्ट्रा आणि मी खेळलो तो एक नाहीत.’ ३० लाईफ देणाऱ्या मेन्यूबद्दल बोलतोय असं वाटून मी ते सोडून दिलं. तो वाद आपण भाग ३ मध्येच संपवला होता, तिथे सगळ्यांनी तीन लाईफवरच खेळायचं ठरलंय.

पण बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून मेसेनवर (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा इम्युलेटर) अमेरिकन सेटिंग लावून पहिल्यापासून खेळलो. तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर, अक्षरशः धुऊन निघालो. वरून येणारे धोंडे दिसायचे तेव्हा उडी मारायची वेळ टळून गेलेली असायची. वर चढताना खालची फळी पडद्याबाहेर गेली की तिच्यावर परत उतरता येत नाही, मरण ठरलेलं. हे सगळं मला पाठ आहे. हात तेच, स्टेज तीच, आणि तरी सलग सात वेळा तिथेच संपलो.

पहिला संशय टीव्हीवर गेला आणि त्यात दोन आठवडे गेले. जुना बाजारातून साडेतीनशेला घेतलेलं ते पांढरं गेम मशीन (भाग २ मध्ये फोटो आहेत) मी एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरमधून नव्या टीव्हीला जोडलं होतं. तुलना करायची तर मशीन आणि इम्युलेटर दोन्ही एकाच पडद्यावर हवीत, हा विचार. स्वस्तातले हे कन्व्हर्टर जुन्या गेमचं चित्र नेहमीच्या टीव्ही प्रसारणासारखं एकाआड एक रेषांनी विणलेलं समजतात आणि ते ‘सोडवत’ बसतात. त्यात चित्र उशिरा येतं, कडा फाटतात, आणि झगमगणारे स्प्राइट (पडद्यावर हलणाऱ्या आकृत्या) कधीकधी दिसतच नाहीत. तापकीर गल्लीतून तीन वेगवेगळे आणले, तिन्ही सारखेच. माझं स्पष्ट मत: गेमच्या हाताळणीबद्दल काही लिहायचं असेल तर हे डबे वापरू नका. काचेचा चौदा इंची टीव्ही कोणी भंगारात काढत असेल तर उचलून आणा. मीही तेच केलं. तिथे मशीनवरचा कॉन्ट्रा मला हवा तसा मऊसूत चालला आणि धबधबा दुसऱ्या प्रयत्नात पार झाला.

म्हणजे उशीर हा प्रश्नच नव्हता. उशीर काढल्यावर मशीन आणि इम्युलेटर यांतला फरक उलट जास्तच ठळक झाला.

दुसरा संशय सोपा होता. तेव्हा आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं. अमेरिका-जपानात ६०. या गेममध्ये जवळजवळ सगळं चित्रांच्या मोजणीवर चालतं: माणूस किती सरकला, गोळी कुठे पोचली, पुढचा शत्रू कधी येणार. तीच कॅसेट ५० वर चालवली तर सगळंच १७ टक्के सावकाश होतं. एखाद्या हल्ल्याआधी ३० चित्रांची सूचना मिळत असेल, तर अमेरिकेत हातात अर्धा सेकंद आणि इथे ०.६ सेकंद. धबधब्यावर तेवढ्यात उडी बसते.

मेसेनमध्ये सेटिंग ‘पाल’ केलं. वेग अगदी ओळखीचा आला! मी खूश होऊन भाग ५ चा मसुदाही लिहून टाकला. तरी काहीतरी खटकत होतं आणि ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. दोन दिवस मी पॅडला दोष दिला, मग स्पीकरला.

सुटलं ते आईमुळे. ती गाणं शिकवते, आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्यांत हॉलमधून येणारं हे संगीत तिने सक्तीने ऐकलंय. त्या दिवशी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘अरे, हे उतरलंय. तुमचं ते वर वाजायचं.’

मी म्हटलं, ‘अगं, वेग तोच आहे बघ.’

‘लय तीच आहे रे. मी पट्टीबद्दल बोलतेय. काळी दोनची पांढरी दोन झाली, त्याच्याही खाली गेलंय.’

फोनवरचा ट्यूनर काढला. पहिल्या स्टेजच्या संगीतातला एकच लांब स्वर दोन्ही सेटिंगवर पकडून मोजला. अमेरिकन सेटिंगपेक्षा पाल सेटिंगचा सूर १२८ सेंट खाली. एक पट्टी म्हणजे १०० सेंट. आईचा कान बरोबर होता.

मग कारण शोधायला बसलो आणि इथे खरी मजा आली. या मशीनमध्ये लय आणि सूर वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात. पुढचा स्वर कधी वाजवायचा हे गेम दर चित्रागणिक ठरवतो, म्हणून लय पडद्याच्या वेगावर. स्वराची उंची मात्र प्रोसेसरच्या घड्याळावर. अमेरिकन निन्टेंडोचं (आपल्या मशीनचं मूळ रूप) घड्याळ १.७९ मेगाहर्ट्झ, युरोपातल्या अधिकृत पाल निन्टेंडोचं १.६६. घड्याळ मंद, म्हणून सूरही उतरलेला.

आपल्याकडे अधिकृत निन्टेंडो होता कुणाकडे? माझ्या ओळखीत एकाकडेही नव्हता. सगळ्यांकडे तैवानी चिपवर बनलेली नक्कल. त्या नकलांचा एक तिसराच प्रकार आहे. इम्युलेटरमध्ये त्याला ‘डेंडी’ म्हणतात, कारण १९९२ पासून रशियात त्याच नावाने विकलं गेलेलं मशीन या जातीचं. चित्रं ५०, पण घड्याळ १.७७ मेगाहर्ट्झ. सूर अमेरिकनपेक्षा जेमतेम १६ सेंट खाली, म्हणजे बहुतेकांच्या कानाला तोच. लय विलंबित, सूर जागेवर. नक्कल बनवणाऱ्यांना जपानी-अमेरिकन कॅसेट न बदलता पाल टीव्हीवर चालवायच्या होत्या, म्हणून त्यांनी अशी जुळणी केली.

सेटिंग ‘डेंडी’ केलं. आईला हाक मारली. तिने दाराशी उभं राहून चार मात्रा ऐकल्या आणि ‘हां, हे,’ एवढंच म्हणून परत गेली. त्या दोन शब्दांनी मला झालेला आनंद इथे लिहून कळणार नाही.

इम्युलेटरवर पटलं तरी माझं मशीन त्याच जातीचं आहे हे सिद्ध करायला हवं होतं. उघडून चिपचा नंबर वाचावा तर आत नुसता काळा डांबरी थेंब. मग मारिओचाच घड्याळासारखा वापर केला. सुपर मारिओमधला ‘टाइम’ म्हणजे खरे सेकंद नव्हेत, दर २४ चित्रांनी तो एकाने उतरतो. १-१ ही पहिली स्टेज सुरू करायची, पाऊल उचलायचं नाही (पुढे सरकल्याशिवाय पहिला शत्रू, गूम्बाही येत नाही) आणि ४०० पासून ३०० पर्यंत स्टॉपवॉच लावायचं. ६० चित्रांवर ४० सेकंद यायला हवेत, ५० वर ४८. मशीनवर पाच वेळा मोजलं, पाचही वेळा ४८ च्या आसपास. मग ट्यूनर लावला, सूर डेंडीशी जुळला. ही चाचणी युरोपच्या अधिकृत मारिओ कॅसेटवर करू नका. निन्टेंडोने ती ५० चित्रांसाठी वेगळी जुळवली होती. आपल्या ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये असलं काही कोणी केलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच मोजमाप इतकं स्वच्छ येतं.

आता समीक्षेचं काय? मित्राचं बरोबर होतं. त्याचा कॉन्ट्रा प्रतिक्षिप्त क्रियेचा गेम आहे. माझा कॉन्ट्रा पाहून, ठरवून मग उडी मारण्याचा. हवेत असताना दिशा बदलता येणं हा या गेमचा सगळ्यात सुंदर निर्णय आहे असं मी भाग १ पासून म्हणतोय. ५० वर त्या निर्णयाचा पूर्ण उपयोग करायला वेळ मिळतो, ६० वर ती उडी बहुतेकदा फक्त जीव वाचवायला वापरली जाते. एस गनबद्दलही (गोळ्या पसरून झाडणारी) माझं मत बदललं. तिला मी आळशी खेळाडूची गन म्हणालो होतो. ६० वर तिच्याशिवाय धबधबा करून बघा, मग बोलू.

इंग्रजीत कॉन्ट्रावर लिहिलेलं मी जे वाचलं, ते सगळं ६० वर खेळलेल्यांचं. युरोपवाल्यांना १९९० मध्ये माणसांच्या जागी रोबो टाकून ‘प्रोबोटेक्टर’ मिळाला, त्यावरही लिखाण आहे. आपल्या पिढीने प्रत्यक्षात जो खेळला त्या तिसऱ्या कॉन्ट्रावर मला काहीच सापडलं नाही. मला तो लिहायचाय. म्हणून यापुढे प्रत्येक भागाच्या डोक्यावर मशीन आणि चित्रांचा वेग येणार, आणि भाग १ मधला मारिओच्या ‘तरंगत्या’ उडीचा परिच्छेद मी पुन्हा लिहिणार आहे.

पुढचा गेम ॲडव्हेंचर आयलंड ठरला होता. पण हे लिहिता लिहिताच एक गोष्ट डोक्यात आली. डेंडीत एका चित्रात ३१२ रेषा असतात, अमेरिकन मशीनमध्ये २६२. म्हणजे दर चित्रामागे प्रोसेसरला घड्याळाचे सुमारे ३५,४६४ ठोके मिळतात, तिकडे २९,७८० च्या आसपास. गेमला विचार करायला दर चित्रामागे जास्त सवड! मग जिथे गर्दी झाली की गेम अडखळतो, तिथे आपलं मशीन कमी अडखळत असणार. याला ग्रॅडियस या अवकाशयानाच्या गेमपेक्षा चांगली परीक्षा नाही, ऑप्शन (यानासोबत उडणारे गोळे) आणि लेझर घेतले की तो दमतोच. ॲडव्हेंचर आयलंड पुढे ढकलला, ग्रॅडियस आधी. ३० लाईफ मिळवून देणारा बटणांचा कोडही मुळात तिथूनच, १९८६ च्या ग्रॅडियसमधून आलेला आहे, त्यामुळे क्रमही बरा लागतो.

तोवर एक मदत हवीय. ज्यांच्या माळ्यावर जुनं मशीन आहे त्यांनी ४०० ते ३०० ची चाचणी करून सेकंद कळवा, आणि उघडून चिपवर ‘यूए ६५३८’ असं काही वाचता आलं तर तेही. उत्तर ४० आलं तर मला जास्तच हवंय. कॅसेट लागत नसेल तर फुंकू नका, पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि मग लावा.